भासऱ्याचा खोकला

दिव्यानीनं आईच्या डोक्याखालून उशी ओढून घेतली. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

"उशी नाई म्हनलं होतं ना डॉक्टरीणबाईनं?"

"मान आखडली वं."

"आखडू दे. मान आखडल्यानं कोणी आंधळं होत नाई."

रुखमाबाईनं मान सरळ टेकवली. बाजेवर उताणी, हात पोटावर, तोंड छपराच्या कवेलूकडे, उजव्या डोळ्यावर भोकाभोकाची प्लास्टिकची वाटी चिकटपट्टीनं लावलेली. दारातून पाहणाऱ्याले वाटावं का गेली बिचारी, आता लाकडं आणा. शेजारची मनकर्णाकाकी पहिल्या दिवशी खरंच उंबऱ्यात थबकली होती आन तिनं हळूच पदर तोंडाले लावला होता. दिव्यानी म्हणाली, "काकी, जिवंत हाय. आत या नाईतं बाहेर जा, मधात उभ्या राहून उजेड अडवू नका."

नागपूरहून आल्यापासून हेच सुरू होतं. उताणं पडायचं. जेवायले आन संडासले उठायचं तेवढंच, तेही सरळ, मुंडकं खाली न करता. कूस घ्यायची नाई. वाकायचं नाई. डोळा चोळायचा तं मनातही आणायचं नाई. आन रुखमाबाई म्हणजे दिवसाउजेडी कधी बाजेले पाठ न लावलेली बाई. अंगात ताप असला तरी धानाच्या बांधीत उतरलेली. तिले निजवून ठेवणं म्हणजे बकरीले गादीवर झोपवणं. राखणीले कोण, तं दिव्यानी, जिचा स्वतःचा पाय एका जागी घडीभर टिकत नाई.

डोळ्याची कहाणी येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगून सांगून दिव्यानीले वीट आला होता. डावा डोळा लहानपणीच गेला. सरपणाले गेली असताना काटा लागला, बुबुळ पांढरं झालं. उजव्यावर सारं आयुष्य चाललं. त्या उजव्यात मोतीबिंदू आला, तो काढला, आन त्याच्यानंतर बुबुळात पाणी भरू लागलं. बुबुळाच्या मागच्या अंगाले एक बारीक थर असते, तो पाणी बाहेर फेकत राहते. आईचा तो थर मेला. डोळ्याची काच भिजल्या पोह्यासारखी फुगली. सकाळी उठली का समोर दूध सांडलेलं. वरून बारीक फोड यायचे, फुटायचे, मंग ती बाई चुलीमागे बसून पदराचा बोळा तोंडात कोंबायची, पण आवाज काढायची नाई.

मेलेल्या माणसाच्या डोळ्यातला थर दोनदा आणून बसवला. पहिला वर्षभर राह्यला, दुसऱ्यात तेवढाही दम निघाला नाई. शरीरानं ओळखलं का हा आपला नाई, आन हाकलून लावला. तिसऱ्यांदा तेच करण्यात डॉक्टरीणबाईले अर्थ वाटत नव्हता. ती म्हणाली, एक नवीन वस्तू आली आहे, माणसाच्या अंगातली नाही, बनवलेली. शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान, केसाहून पातळ, आरपार दिसणारा पापुद्रा. बुबुळाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, मग पाणी आत शिरत नाही. त्याच्यात जीवच नाही, तर शरीर भांडणार कोणाशी.

मंग तिनं टेबलावरची पाण्याची बाटली घेतली, झाकणाजवळ थोडी हवा ठेवून आडवी धरली. "हा बुडबुडा बघा. असा गॅसचा बुडबुडा मी डोळ्यात सोडणार. बुडबुडा नेहमी वर जातो. तुम्ही उताण्या असाल तर तो पापुद्र्याला खालून दाबून धरेल, चिकटेपर्यंत. तुम्ही वाकलात..." तिनं बाटली फिरवली. बुडबुडा सर्रकन दुसऱ्या बाजूले गेला.

दिव्यानी मोबाइल खोलून जोडणारी पोट्टी. सुईच्या टोकाएवढे स्क्रू तिच्या बोटाले समजत. तिले एका झटक्यात कळलं. आईनं मान हलवली, पण तिनं त्यातलं काय घेतलं ते तिलेच ठाऊक.

दिव्यानीचं शिक्षणही याच डोळ्यात बुडलं होतं. आईले हात धरून संडासले न्या, दवाखान्यात न्या, तांदूळ निवडून द्या, तिखटाच्या जागी हळद पडली का पाह्या. अकरावीत हजेरी घेताना सर म्हणाले, "अरे वा, पाहुण्या आल्या." पोरं हसली. दिव्यानीनं पुस्तक बेंचवर आपटलं आन जी वर्गातून उठली ते परत गेलीच नाई. रिना, तिची मैत्रीण, नागपुरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिकत होती. फोनवर म्हणायची, "ये ना बे, तुह्यावानी हात इथी कोणाचा नाई." दिव्यानी म्हणायची, येतो, आईचा डोळा झाला का येतो. हे म्हणून म्हणून तिच्या जिभेले घट्टा पडला होता.

म्हणून हा पापुद्रा चिकटला पाहिजे होता. बाकी जगात काही नसलं तरी चाललं असतं.

आन नेमकी गावची मंडई आली.

दिवाळी झाली का झाडीपट्टीत गावागावात मंडई भरते. दिवसा दुकानं, दंडारीचा नाच, रात्री नाटक. आन ज्या गावची मंडई त्या गावच्या घराघरात पाहुण्यांची रीघ. दिव्यानीनं बापाले धान्याच्या ढिगाजवळ गाठलं.

"बाबा, यंदा पाहुणे नको."

वारलू घामेजलेला गमछा झटकत म्हणाला, "मंडईले कोणाले बोलवा लागते का? ते येतातच."

"मंग सांगा, येऊ नका."

"असं सांगता येते का कोणाले? लोक काय म्हणतील, वारलूच्या घरी भात संपला?"

"आईचा डोळा संपला म्हणतील, ते चालेल?"

"तू लय बोलतं," वारलू म्हणाला आन धान पाखडू लागला. त्याची ही जुनी सवय. पटलं नाई का कामाले लागायचं.

बाकीच्यांचं दिव्यानीले भेव नव्हतं. मावश्या, मामे, आतेभाऊ, सगळ्याइले ती दारातच पुरून उरणार होती. भेव होतं एकाच माणसाचं, मुखरू मोठेबाचं. वारलूचा थोरला भाऊ, नागभीडकडच्या गावात राहते. आजा लवकर मेला, तं वारलूले त्यानंच वाढवलं, त्यानंच लग्न लावून दिलं. माणूस चांगला. कोणाले उणा शब्द नाई. पण आईचा तो भासरा लागे. आन भासऱ्यापुढे लहान भावाच्या बायकोनं बसायचं नाई, बोलायचं नाई, डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाई. त्याचं नाव ती घेत नाई, तिचं तो घेत नाई. घरात शिरताना भासरा अंगणातून खोकलते. म्हणजे बाईनं समजायचं, उठायचं, पदर ओढायचा, आन दुरूनच जमिनीले डोकं टेकायचं. पायाले हात लावायचा नाई, भासऱ्याले शिवत नाईत.

दिव्यानीनं आईले आधीच धरलं होतं.

"मोठेबा आले तं उठशील?"

"नाई उठत."

"पक्कं?"

"पक्कं. तुही शपथ."

"माही नको, मले अजून जगाचं हाय. डोळ्याची घे."

आईनं डोळ्याची घेतली. तरी दिव्यानीचा भरोसा बसला नाई. तिनं बापाले पढवलं. बसस्टॉपवर उभं राह्यचं, मोठेबा उतरले का परस्पर मनकर्णाकाकीच्या सपरीत, ओसरीवर, नेऊन बसवायचं, सगळं समजावून सांगायचं, मंगच इकडे. वारलू हो म्हणाला. मनकर्णाकाकीनं सपरी सारवून ठेवली.

मंडईच्या दिवशी सकाळपासून घरात जत्रा. एक मावशी आली, म्हणते, "पट्टी काढ ना वं जराशी, पाहू दे कसा बसवला." दिव्यानी म्हणाली, "ते काय भिंतीवरचं घड्याळ हाय?" एक मामा आला, म्हणते प्लास्टिक डोळ्यात सडते. मनकर्णाकाकी कुठलासा पाला ठेचून घेऊन आली, एक थेंब टाकला का गार पडते म्हणे. दिव्यानीनं तो पाला तिच्यासमोर कोंबड्याइले टाकला. कोंबड्याइनीही खाल्ला नाई. काकी रुसून गेली आन थोड्या वेळानं वड्याचं पीठ कालवाले परतही आली.

दुपार कलली तेव्हा पाहुणे दंडार पाहाले गेले. चौकातून ढोलकीचा आवाज येत होता. माजघरात आईले डुलकी लागली होती. दिव्यानी मागच्या खोलीत चुलीपुढे वडे तळत बसली, अशी का मधल्या दारातून बाज दिसली पाहिजे. कढईत एक डोळा, बाजेवर एक डोळा. तिले वाटलं, निघाला दिवस.

तिकडे बसस्टॉपवर वारलू रस्त्याकडे पाहून उभा होता. आन मुखरू मोठेबा बसनं आलेच नव्हते. गावातल्या एका पोट्ट्याच्या गाडीवर बसून आले, आन समोरच्या रस्त्यावर दुकानंच दुकानं म्हणून पोट्ट्यानं गाडी मागच्या पांदणीनं आणली. मोठेबा अंगणात उतरले. पायातल्या चपला काढल्या. पिशवी खांद्यावरून खाली घेतली. आन घरातल्या बाईची इज्जत राखावी म्हणून सभ्यपणानं खोकलले. दोनदा.

दिव्यानीच्या हातात झारा होता. तिनं पाह्यलं ते असं पाह्यलं. आईचे पाय बाजेखाली उतरले. ती जागी तरी झाली होती का नाई कोणास ठाऊक. बटन दाबल्यावर लाइट लागते तशी ती उभी झाली. पदर डोक्यावरून खस्सकन तोंडावर ओढला. तो वाटीवरून घासत गेला, चिकटपट्टी एका बाजूनं निघाली. गुडघे टेकले. हात टेकले. कपाळ सारवल्या जमिनीले लावलं, आन चांगलं टेकवून ठेवलं, कारण भासऱ्याच्या तोंडून आशीर्वाद येईपर्यंत उठत नाईत.

मोठेबा दारात उभे. रीतीप्रमाणे तोंड भिंतीकडे. त्याइले काय दिसणार. "सुखी राह्य," त्याइनं भिंतीले म्हनलं.

"उठ," दिव्यानी ओरडली. झारा टाकून धावली, आईच्या खांद्याले धरून वर उचललं, बाजेवर पाडलं. आईचा चेहरा तेव्हा कुठी जागा झाला. तिले समजलं. हात डोळ्याकडे गेला, दिव्यानीनं तो मधातच धरला.

मंग ती मोठेबाकडे वळली.

"मोठेबा, तुमाले काही समजते का? घरात माणूस आजारी हाय, आन तुमी खोकलत येता?"

मोठेबानं तोंड भिंतीवरून वळवलं. साठी उलटलेला माणूस, त्याले असं कोणी बोललं नव्हतं. तेवढ्यात वारलू धापा टाकत आला, त्यानं शेवटचंच वाक्य ऐकलं.

"दिव्यानी. पाया पड त्याइच्या. माफी माग."

"पाया पडूनच तं वाट लागली या घराची, आता मी कायले पडू?"

वारलूचा हात वर गेला. मोठेबानं तो धरला. "थांब. काय झालं ते तं सांगा कोणी. मले डोऱ्याचं आपरेशन झालं एवढंच ठाऊक. आपरेशन झालेला माणूस उठते-बसते. मी तं इज्जतीनं खोकललो."

"न खोकलता आले असते तं?"

"चोरावानी?"

दिव्यानी अजूनच भडकली. मागे कढईतल्या वड्याइचा कोळसा होऊन घरभर धूर भरला होता. बाजेवरून आई म्हणाली, "काही झालं नाई. मले दिसून राह्यलं."

तिले काही दिसत नव्हतं. वाटी पुन्हा चिकटवताना दिव्यानीनं आईच्या डोळ्यासमोर बोटं धरली होती, आन आईनं त्याइच्याकडे पाह्यलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध टाकाले वाटी काढली. डोळा पांढरा, गालावर पाण्याची धार. दिव्यानीनं मोबाइलचा टॉर्च आडवा धरला, श्वास रोखून वाकली. पांढुरक्या धुक्यात खाली नखाच्या कातरणीएवढी एक कड चमकत होती. जिथी असाले पाहिजे तिथी नव्हती, खाली लोंबून होती. तिनं टॉर्च बंद केला. बापाले सांगाले बाहेर गेली, तं मोठेबा घरच्याच सपरीत बसून होते. तिनं त्याइच्याकडे पाह्यलं नाई.

नागपूरच्या बसमध्ये मागच्या लांब सीटवर आईले उताणं झोपवलं, डोकं दिव्यानीच्या मांडीवर. ब्रह्मपुरी आली, नागभीड आलं, मांडीले मुंग्या आल्या, मंग मांडी मेली. दर गतिरोधकाले दिव्यानी दोन्ही हातानं आईचं डोकं धरे आन ड्रायव्हरच्या खानदानाचा उद्धार करे. कंडक्टर म्हणाला, "बाई, हळू बोला, तो माझा साळा हाय." पुढचा गतिरोधक मात्र गाडीनं अलगद ओलांडला.

डॉक्टरीणबाईनं मशीनीतून पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं.

"सुटलाय अर्ध्याहून जास्त. कशामुळे वाकलात?"

"भासरे आले होते," आई म्हणाली.

"कोण आले होते?"

"माझे मोठेबा," दिव्यानी म्हणाली.

"बरं. मग?"

त्या थंडगार खोलीत, त्या पांढऱ्या लाइटमध्ये, दिव्यानीले ते सांगताच येईना. घरी ते डोंगराएवढं होतं, इथी त्याचं मातीचं ढेकूळ झालं होतं. "पाया पडली," एवढंच तिनं सांगितलं.

डॉक्टरीणबाईनं खुर्चीले पाठ टेकली. "देवाच्या पाया पडायला वाकू नका, हे मी सगळ्यांना सांगते. माणसांचं सांगायचं राहून गेलं." मंग ती गंभीर झाली. गॅस पुन्हा सोडता येईल. पापुद्रा चांगला आहे, फाटलेला नाही. पण दर वेळी डोळ्यात शिरलं की डोळा थोडा थोडा झिजतो. पुन्हा सुटला तर टाके घालून बांधावा लागेल, आणि त्याची खात्री ती देणार नाही. "ताई," ती दिव्यानीले म्हणाली, "आईंना नीट सांभाळा."

मंग तिनं डोळ्यात पुन्हा गॅस सोडला. 

घरी आले तं मोठेबा अजून सपरीतच. मंडई केव्हाच उठली होती, पाहुणे आपापल्या गावी गेले होते. वारलू म्हणाला, ते नाटकालेही गेले नव्हते.

"तुमी गेले नाई?" दिव्यानीनं विचारलं.

"नाई."

"मंग आता जा."

"दिव्यानी," वारलू म्हणाला.

"बोलू दे तिले," मोठेबा म्हणाले.

एवढ्याशा आवाजानं माजघरात बाज कुरकुरली. दिव्यानी आत धावली. आईची मान उचलली होती, हात पदर चाचपत होता. दिव्यानीनं तिच्या कपाळावर पंजा दाबून डोकं परत खाली टेकवलं. खोकलाच पाहिजे असं नव्हतं. आवाज पुरत होता. उद्या चपलेची करकर पुरली असती.

मोठेबानं दारातून ते पाह्यलं. या वेळी तोंड भिंतीकडे नव्हतं.

"मी गेलो तं दुसरा कोणी येईल," ते म्हणाले. "हिचा मामेसासरा हाय, गावचे म्हातारे हायत. कोणाकोणाले अडवशील तू? ते तं हिच्या अंगातच बसलं हाय." आन त्याइनं काय करावं, तं कोपऱ्यातला पाट उचलला, सरळ माजघरात आले, आन बाजेच्या बाजूले, हातभर अंतरावर, पाट मांडून बसले.

आई घाईनं म्हणाली, "दिव्यानी, त्याइले बाहेर जा म्हन."

"ते इथीच हायत, ऐकून राह्यले."

"मी अशी पडली हाओ वं. त्याइच्यासमोर. उताणी. जा म्हन त्याइले. डोरा गेला तं जाऊ दे."

दिव्यानी उसळली.

"जाऊ दे? कोणाचा डोळा जाऊ दे? तुह्या एकटीचा हाय का तो? मी शाळेतून उठली ते कोणाच्या डोळ्यासाठी? तुले हाताले धरून मी हिंडतो, माह्या वयाच्या पोट्ट्या कुठीच्या कुठी गेल्या, आन तू म्हनतं जाऊ दे. तू पाया पडून मोकळी होशील, आन मी? मी तुह्या हाताले लटकून म्हातारी होऊ? सांग ना. पदर मोठा का मी मोठी?"

वारलू दारात खांबासारखा उभा. त्याले कोणतं काम काढावं ते सुचेना.

आईच्या डाव्या, पांढऱ्या डोळ्यातून पाणी कानाकडे उतरू लागलं.

"आन रडू नको. रडायचं नाई सांगतलं हाय," दिव्यानी म्हणाली, आन स्वतःचं नाक बाहीले पुसलं.

मोठेबानं घसा साफ करायचा म्हणून तोंड उघडलं, मंग लक्षात येऊन मिटलं. जराशानं म्हणाले, "रुखमा."

हे नाव त्याइच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

"पडून राह्य. लय पडली माह्या पाया. पुरे झालं आता."

आईनं पदराचं टोक दातात धरलं आन बाजेची दोरी मुठीत आवळली. पण मान उशीविना, सरळ, जिथल्या तिथी राह्यली.

त्याच्यानंतर मोठेबा रोज तिथी बसत. सकाळी येत, पाट मांडत, अंबाडीचा दोर वळत. पहिले पहिले आईचं अंग त्याइच्या नुसत्या हालण्यानं ताठ होई, दिव्यानीचा पंजा कपाळावर जाई. मंग पंजा लागेनासा झाला. पण बोलणं सगळं दिव्यानीच्या मधातून.

"त्याइले विचार, चहा झाला का."

"झाला म्हन."

"साखर कमी पडली असंन, म्हन."

"बरोबर होती म्हन."

तिसऱ्या-चौथ्या फेरीले दिव्यानी उठून उभी झाली. "मी काही टपालपेटी नाई. हातभर अंतर हाय तुमच्यात. ज्याले बोलाचं त्यानं बोला." आन पाय आपटत घरामागच्या सांदवाडीत गेली. वांग्याच्या झाडाशी उभी राहून ऐकत राह्यली. आत नुसता दोर वळल्याचा आवाज. मंग आईचा, कवेलूले सांगितल्यासारखा: "भाऊजी, धान झालं का औंदा तुमच्याकडे?"

बुडबुडा विरत चालला होता. आई सांगे, डोऱ्यात एक थरथरता गोळा हाय, रोज लहान होते. पापुद्रा चिकटला का नाई ते मशीनच सांगणार होती, आन तपासणीले अजून जायचं होतं. दिव्यानी टॉर्च लावून पाही. ती खालची कड काही दिसत नव्हती. पण दिसत नाई म्हणजे जागेवर आहे का आपल्याच डोळ्याले थकवा आहे, तिले ठरवता येईना. तिनं रिनाले फोन केला नाई. रिनाचा आला तं उचलला नाई.

एका सकाळी ती औषध टाकाले बाजेच्या डोक्याकडे उभी राह्यली. वाटी काढली, पापण्या कोमट पाण्याच्या कापसानं पुसल्या. आईनं डोळा उघडला. पुढचा धूर पातळ झाल्यासारखा वाटला, बुबुळाचा काळेपणा जरासा वर आलेला. दिव्यानी बाटलीचं झाकण फिरवत होती.

"मिशा पांढऱ्या झाल्या त्याइच्या," आई म्हणाली.

दिव्यानीचा हात थांबला. "कोणाच्या?"

"भाऊजीच्या. आन इकडून कमी हायत. काऊन?"

मोठेबाचा हात दोरावरून तोंडाकडे गेला. "वारलूच्या कैचीनं कापत होतो," ते ओशाळून म्हणाले. "हुकलं."

दिव्यानीनं वाकून पाह्यलं. खरंच, मोठेबाची उजवीकडची मिशी अर्धी उडाली होती. तिच्या नजरेतून माशी सुटत नाई, आन सकाळपासून तो माणूस समोर बसून असताना तिले हे दिसलं नव्हतं. तिले हसू आलं म्हणा का रडू, आन नेहमीप्रमाणे तोंडापर्यंत येईतो त्याचा राग झाला.

"म्हणजे मी रात्रंदिवस उशा ओढल्या, बसमध्ये मांडी मारून घेतली, साऱ्या गावाशी भांडली. आन तुले पहिली दिसली तं यांची मिशी."

"तू तं डोक्याकडं उभी हायस वं. उलटी दिसतं. हनुवटी वर, कपार खाली." आई हसून राह्यली होती. "समोर ये ना."

"नाई. औषधाची वेळ झाली."

"जराशी."

"अजून मशीनवर पाहाचं हाय. लय जोर नको देऊ त्याले." दिव्यानीनं थेंब टाकला, आई कळवळली, पण तिनं पापणी धरून दुसरा थेंबही टाकला. मंग वाटी डोळ्यावर ठेवली, चिकटपट्टी फाडली, एक बाजू दाबली, दुसरी दाबली, नखानं कडा घासल्या. पट्टी तिरपी बसली. काढून पुन्हा लावली.

"झालं," ती म्हणाली. "बाकीचं उद्या पाहजो."